ब्लूग्रास गिटारमध्ये जॅझ कुठून आला? डॉक वॉटसन, क्लॅरेन्स व्हाइट, टोनी राइस

मंद्रसप्तक (रॅले, नॉर्थ कॅरोलायना)

नमस्कार मंडळी. दुसऱ्या एका धाग्यावर ब्लूग्रास गिटारवादक टोनी राइसचा विषय निघाला आणि 'ब्लूग्रास म्हणजे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), त्यात जॅझ कुठला?' असं कुणीतरी विचारलं. तिथे अवांतर होत होतं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

ज्यांनी ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं हे लोकसंगीत, ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. केंटकीचा मँडोलिनवादक बिल मन्रो १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला. पुढे १९४५-४६ च्या सुमारास त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये गिटारवर लेस्टर फ्लॅट आणि बँजोवर अर्ल स्क्रग्ज होते, तेव्हा या संगीताचा साचा पक्का झाला. फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), मँडोलिन, बँजो, गिटार आणि उभा बेस. ड्रम नाहीत. गिटारचं काम ठेका धरायचं: एका मात्रेला खर्जाची तार, पुढच्या मात्रेला वरच्या तारांवर फटका. ओळ संपली की फ्लॅटची ती प्रसिद्ध जी-रन: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग, प, ध, सां. (जी हा सा धरलाय, खालीही तसंच समजा.) गायक श्वास घेतो तेवढ्यात ती बरोबर बसते. सोलो मात्र फिडल, बँजो, मँडोलिन यांचे. सगळे एका मायक्रोफोनभोवती उभे राहत, त्यात बँजोशेजारी गिटारचा एकेक स्वर ऐकू येणं कठीणच होतं.

आता १९७५ सालचा बँजोवादक जे. डी. क्रो आणि 'न्यू साउथ'चा अल्बम लावा. चाहते त्याला आजही 'राउंडर ००४४' या कॅटलॉग क्रमांकाने ओळखतात. त्यात टोनी राइसची गिटार फक्त ठेका धरत नाही. ती गाण्याला ढकलते, अडवते, मध्येच जागा मोकळी सोडते. फ्लॅट ते राइस या तीस वर्षांत जे घडलं त्यात जॅझचा वाटा मोठा आहे, आणि माझ्या मते तो कॉर्डांपेक्षा लयीत जास्त आहे.

पहिला दुवा डॉक वॉटसन. डीप गॅपचा, म्हणजे आमच्याच राज्यातल्या डोंगराळ भागातला, लहानपणीच दृष्टी गेलेला वादक. लोक त्याला खेड्यातला जुना लोकगायक समजतात, पण १९५० च्या दशकात तो एका कंट्री-स्विंग नाचाच्या बँडमध्ये (स्विंग म्हणजे झुलत्या लयीचा नाचाचा जॅझ) इलेक्ट्रिक लेस पॉल गिटार वाजवत होता. बँडमध्ये फिडलवाला नव्हता आणि नाचणाऱ्यांना तर फिडलच्या चाली हव्या असत. त्या चाली डॉकने गिटारवर बसवल्या. हँक गारलंड, ग्रेडी मार्टिन हे त्याच्या कानातले वादक. यातला गारलंड नॅशव्हिलचा स्टुडिओवादक, आणि १९६१ मध्ये जॅझवादक गॅरी बर्टनला सोबत घेऊन त्याने चक्क जॅझचा अल्बम केला. १९६० मध्ये लोकसंगीताचा अभ्यासक राल्फ रिन्झलर डॉकला भेटला, त्याच्यामुळे डॉक पुन्हा अकूस्टिक गिटारकडे वळला आणि लोकसंगीताच्या मंचावर आला. हातातली चपळाई स्विंगच्या बँडमधून आलेली होती.

दुसरा दुवा क्लॅरेन्स व्हाइट. जन्म १९४४ चा, मेन राज्यातला, वाढला कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या 'अ‍ॅश ग्रोव्ह' क्लबात त्याने डॉकला ऐकलं. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डही तो ऐकत होता. १९६४ च्या 'अ‍ॅपलेशियन स्विंग!' या 'केंटकी कर्नल्स'च्या वाद्यसंगीताच्या अल्बममध्ये त्याचा हात ऐका. डॉकचे स्वर धारेसारखे सलग येतात, क्लॅरेन्स ती धार तोडतो. समेवर स्वर अपेक्षित असतो तेव्हा तो गप्प राहतो, अर्ध्या मात्रेनंतर शिरतो, किंवा पुढच्या कॉर्डचा स्वर आधीच वाजवून ठेवतो. १९७३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीने त्याला उडवलं. एवढ्या थोड्या वर्षांत त्याने जे करून ठेवलं ते पाहून अजूनही हळहळ वाटते.

तिसरा दुवा टोनी राइस. लहानपणी कॅलिफोर्नियात तो क्लॅरेन्सला भेटला होता, त्याच्या हातातली १९३५ ची मार्टिन डी-२८ त्याने तेव्हाच पाहिली होती. १९७५ मध्ये तीच गिटार शोधून त्याने ५५० डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी तो मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनकडे कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथे जॉन कार्लिनीकडून स्वरलिपी वाचायला आणि जॅझचं शास्त्र शिकला.

तुम्हाला काय ऐकू येतं ते लिहा. विशेषतः जे स्वतः वाजवतात त्यांनी.

सोमनाथ_डी२८

छान धागा, वाचनखूण साठवली. पण एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. तुमच्या मांडणीत जॅझ नंतर बाहेरून आल्यासारखा दिसतो. तो मुळातच होता.

मन्रो पोरसवदा असताना केंटकीच्या ओहायो काउंटीत आर्नल्ड शुल्त्झ नावाचा कृष्णवर्णीय वादक होता. गिटार आणि फिडल दोन्ही वाजवायचा, दिवसा मजुरी करायचा. मन्रो त्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायला जायचा आणि त्याचं ऋण मन्रोने पुढे जाहीरपणे मान्य केलं. शुल्त्झ एका कॉर्डवरून दुसऱ्यावर सरळ उडी मारत नसे, मधले स्वर आणि मधले कॉर्ड घेत जात असे. १९३१ मध्ये तो गेला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्याच परिसरातून केनेडी जोन्स, मोझ रेगर यांच्यामार्फत अंगठ्याने खर्ज चालवायची पद्धत गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसपर्यंत पोहोचली. डॉकने आपल्या मुलाचं नाव मर्ल ठेवलं ते याच ट्रॅव्हिसवरून.

शिवाय ब्लूग्रासची बांधणी बघा. एकाने धून मांडायची, मग प्रत्येकाने पुढे येऊन आपला सोलो घ्यायचा, बाकीच्यांनी मागे सरायचं. जुन्या डोंगरी स्ट्रिंगबँडमध्ये सगळे मिळून एकच चाल शेवटपर्यंत वाजवायचे. पाळीपाळीने सोलो घ्यायची ही रीत १९३०-४० च्या दशकातल्या जॅझ आणि वेस्टर्न स्विंगच्या (कंट्री संगीत आणि स्विंगच्या मिश्रणाच्या) जवळची आहे. मन्रोच्या फिडलवाल्यांतही स्विंगचा ओढा असणारे होतेच. केनी बेकरला जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली अतिशय आवडायचा. व्हॅसर क्लेमंट्स १९४९ मध्ये तरुणपणीच मन्रोकडे आला आणि पुढे त्याच्या अल्बमचं नावच 'हिलबिली जॅझ' होतं.

म्हणून मी म्हणेन, गिटारमध्ये जॅझ उशिरा दिसला, कारण गिटारला सोलोची पाळीच उशिरा मिळाली.

मंद्रसप्तक

+१. शुल्त्झचा उल्लेख मूळ धाग्यातच असायला हवा होता, तुम्ही केलात ते उत्तम. शेवटचं वाक्य तर फारच पटलं.

अनघा_पुणे

मी जॅझ गिटार शिकते आणि गेली काही वर्षं फ्लॅटपिकिंगही (पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, धरून वाजवणं) करते. मंद्रसप्तक, लयीचं तुमचं म्हणणं मान्य, पण कॉर्ड तुम्ही फार पटकन बाजूला सारलेत.

टेक्सासच्या फिडल स्पर्धांमध्ये मागे बसलेला गिटारवाला ऐका. तो फ्लॅटसारखा एकाच जीवर चार मात्रा बसून राहत नाही. जी, मग बी तळाशी घेऊन जी सेव्हन, मग सी, मग सी-शार्प डिमिनिश्ड, मग डी तळाशी घेऊन परत जी. खर्जात सा, ग, म, तीव्र म, प अशी चाल तयार होते. प्रत्येक मात्रेला नवा आकार, तोही तीनच तारांवर, डाव्या हाताची बोटं जराशी सैल करून लगेच दाबलेला, म्हणजे स्वर चटकन तुटतो. ही पद्धत बॉब विल्सच्या 'टेक्सास प्लेबॉइज'मधल्या एल्डन शॅम्ब्लिनच्या वादनाशी थेट जुळते, आणि ती मोठ्या स्विंग बँडमधल्या रिदम गिटारचीच बहीण आहे. होमर आणि जेथ्रो या जोडीतला होमर हेन्सही असाच वाजवायचा. विनोदी गाण्यांमुळे त्याच्या हाताकडे लोकांचं दुर्लक्ष झालं याचं मला वाईट वाटतं.

सोलोमध्येही तेच. 'ब्लॅकबेरी ब्लॉसम' घ्या. पहिल्या भागात दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो: जी, डी, सी, जी, सी, जी, ए, डी. इतक्या वेगात फक्त जीची सरगम वर-खाली करत राहिलं तर प्रत्येक बदल निसटतो. इथे जॅझवाल्याची सवय कामी येते: येणाऱ्या कॉर्डचा तिसरा स्वर आधीच डोक्यात ठेवायचा आणि त्याच्याकडे चालत जायचं. जुन्या वादकांचा आधार चालीचा असतो, नव्यांचा कॉर्डांच्या रस्त्याचा. डेव्हिड ग्रायर आणि ब्रायन सटन या दोघांनाही हे दोन्ही जमतं, म्हणून ते मला इतके आवडतात.

सोमनाथ_डी२८

अनघाताई, टेक्सासचा मुद्दा बिनतोड. पण बँजो असलेल्या बँडमध्ये तो ठेका वाजवून बघा. स्क्रग्ज पद्धतीचा बँजो प्रत्येक अर्ध्या-पाव मात्रेला एक स्वर टाकत असतो, आणि त्याची पाचवी छोटी तार सतत एकाच उंच स्वरावर वाजत राहते. त्यात वर तीन आवाजांचं गाणं, तेही साध्या सा-ग-पच्या आकारातलं. गिटारने तिथे नाइन्थ किंवा थर्टीन्थ (जॅझ कॉर्डांत वर जोडले जाणारे जादा स्वर) टाकला तर तो स्वर गायकाच्या स्वराला घासतो. फ्लॅटचा साधा ठेका ही गरज होती. बरेच ब्लूग्रासवाले जीच्या कॉर्डमध्ये पाचवी तार दाबून गप्प ठेवतात, कारण तिथला खालचा गंधार सगळं गढूळ करतो.

आता एक गोष्ट जोडून पाहा. १९७७ चा 'डेव्हिड ग्रिसमन क्विंटेट' अल्बम: दोन मँडोलिन, व्हायोलिन, गिटार, बेस. बँजो नाही. टोनीचा १९७९ चा 'मँझनीटा': बहुतेक गाणी जुनी, चाली जुन्या, पण बँजो नाही. जागा मोकळी झाली तेव्हाच गिटारचे जॅझ कॉर्ड ऐकू येऊ लागले. पुढे 'मार वेस्ट', 'बॅकवॉटर्स' हे अल्बम आले, ज्याला तो स्पेसग्रास म्हणायचा. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, जे. डी. क्रो, डॉइल लॉसन, बॉबी हिक्स, टॉड फिलिप्स यांना घेऊन त्याने 'ब्लूग्रास अल्बम बँड'चा पहिला अल्बम केला. कट्टर पारंपरिक, बँजोसकट. एकच माणूस, तीच गिटार, एकाच काळात दोन टोकं. कुठे काय वाजवायचं नाही हे त्याला नेमकं कळत होतं.

वसुधा_क

मी गिटार वाजवत नाही, शास्त्रीय गाणं ऐकते. हा धागा वाचून 'अ‍ॅपलेशियन स्विंग!' आणि 'मँझनीटा' दोन्ही शोधून ऐकले. क्लॅरेन्स व्हाइटने समेच्या आधी किंवा नंतर शिरणं म्हणजे आपल्याकडचं अनागत आणि अतीत, असं समजू का? आणि एक शंका: तबला किंवा ड्रम नसताना तो इतका मोकळा फिरतो, तर बाकीच्यांची लय सुटत कशी नाही?

मंद्रसप्तक

वसुधाताई, कानाला तेच जाणवतं, फक्त तिथे आवर्तनाचा हिशेब नसतो, चार-चार मात्रांच्या पट्ट्या असतात.

तुमच्या शंकेचं उत्तर मँडोलिनमध्ये आहे. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्ज देतो, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तोडलेला कॉर्ड मारते, त्याला चॉप म्हणतात. दोघं मिळून ड्रमचं काम करतात. ती चौकट घट्ट असली की गिटार आतून मोकळी होते. 'केंटकी कर्नल्स'मध्ये मँडोलिनवर क्लॅरेन्सचा सख्खा भाऊ रोलंड होता. लहानपणापासून एकत्र वाजवलेले भाऊ, त्यामुळे तो विश्वास कुठून आला हे सांगायला नको.

आणखी एक. डाव्या हाताचे जॅझ स्वर तुम्हाला आज कोणीही तक्त्यावर लिहून देईल. क्लॅरेन्सचा उजवा हात लिहिता येत नाही. ब्लूग्रासचा नियम: मात्रेवर पिक खाली, अर्ध्या मात्रेवर वर. तो नियम न मोडता हात चालत ठेवायचा आणि मधले काही घाव तारेला न लागू देता जाऊ द्यायचे. पोकळी दिसते तिथेही हात चाललेलाच असतो. म्हणून मी लय आधी म्हणतो. अनघाताई, कॉर्ड बाजूला सारले नाहीत, दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेत. 🙂

अवांतर: 'अ‍ॅपलेशियन स्विंग!' ज्या वर्ल्ड पॅसिफिक कंपनीने काढला, तिनेच त्या काळात पंडित रविशंकरांच्या रेकॉर्डही अमेरिकेत काढल्या. कंपनीचं मूळ पश्चिम किनाऱ्यावरच्या जॅझमध्ये.

फोंडेकर

देव बरें करूं, सुंदर चर्चा. मी व्हायोलिनवाला, त्यामुळे माझी बाजू त्या अंगाने.

जँगोचं नाव आलं, पण तोच का, हे कुणी लिहिलं नाही. अमेरिकेतला मोठा जॅझ ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानोचा. डोंगरातल्या गिटारवाल्याने त्यातून काय उचलायचं? १९३४ मध्ये पॅरिसात झालेलं 'हॉट क्लब'चं क्विंटेट मात्र सगळं तारांचं होतं: ग्रापेलीचं व्हायोलिन, जँगोची गिटार, आणखी दोन गिटारी, बेस. ड्रम नाहीत, तोंडाने फुंकायचं काही नाही. ब्लूग्रासवाल्याला तो बँड आपल्या घरातलाच वाटणार. जँगोची गिटारही अकूस्टिक, पिकने वाजवलेली, जोरकस. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाल्यावर उरलेल्या दोन बोटांनी तो लीड वाजवायचा, त्यामुळे त्याचे वाक्यांश तारेच्या लांबीत धावतात, एका जागी बसत नाहीत.

त्याच्याही आधी, १९२६ पासून, जो व्हेनुटीचं व्हायोलिन आणि एडी लँगची गिटार अशी जोडीची ध्वनिमुद्रणं आहेत. व्हायोलिनच्या मागे गिटारने काय करावं याचा तो पहिला धडा. आमच्याकडे चर्चच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकलेले कितीतरी गोंयकार पुढे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले, तेही अशाच रेकॉर्ड कानाला लावून शिकले. त्यामुळे क्लॅरेन्सने कॅलिफोर्नियात बसून जँगो कसा शिकला असेल हे मला नीट कळतं.

आणि वर्तुळाचा दुसरा भाग: १९७९ च्या ग्रिसमनच्या 'हॉट डॉग' अल्बममध्ये स्वतः ग्रापेली येऊन वाजवून गेला, आणि गिटारवर टोनी राइस. १९८१ मध्ये ग्रापेली-ग्रिसमनचा लाइव्ह अल्बमही आला. तोवर ग्रिसमनकडे गिटारवर मार्क ओकॉनर होता, एरवी फिडलवाला.

सोमनाथ_डी२८

फोंडेकर, 'का जँगो' याचं इतकं सरळ उत्तर मी कुठे वाचलं नव्हतं. धन्यवाद.

रोहन_नवा

मला सहा-आठ महिने झालेत फ्लॅटपिकिंग सुरू करून. जी-रन येते, दोन-तीन फिडलच्या चाली हळू वाजवता येतात. यातलं जॅझचं अंग आणायचं तर सुरुवात कुठून करू? जॅझच्या सगळ्या सरगमी पाठ करायला घ्यायच्या का? आणि स्विंग म्हणून अर्ध्या मात्रा लांब-आखूड करायच्या का? तसं करायला गेलो की वेगात सगळं लंगडतं.

अनघा_पुणे

रोहन, लांब-आखूड करू नकोस. ब्लूग्रासच्या वेगात अर्ध्या मात्रा जवळपास सारख्याच राहतात. स्विंग येतो तो जोर कुठे देतोस त्याने. चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेकडे झुकलेला जोर, आणि कधीकधी वर जाणाऱ्या पिकवर अचानक दिलेला. आधी एकाच मोकळ्या तारेवर कर, चालीवर नको.

सरगमी पाठ करणं सध्या सोड. जी-रनमध्येच पहिला धडा आहे: कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर येणं. तीच युक्ती दुसऱ्या स्वरांना लाव. गंधारावर यायचंय ना, तर आधी मध्यम, मग कोमल गंधार, मग गंधार. पंचमावर यायचंय तर कोमल धैवत, तीव्र मध्यम, मग पंचम. वरून एक, खालून एक, मधे मुक्काम. मुक्काम मात्रेवर पडला पाहिजे. जॅझमधली अर्धी भाषा यातून उघडते आणि तुझी चालही ओळखू येत राहते.

मग 'ब्लॅकबेरी ब्लॉसम'चा पहिला भाग घे, प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा स्वर वाजवत संपूर्ण फिर. आठ कॉर्ड, आठ स्वर. ते झालं की दोन स्वरांमधली जागा वरच्या युक्तीने भर.

रोहन_नवा

ताई, खूप आभार. आज संध्याकाळपासूनच सुरू. सध्याच्या वादकांपैकी कुणाला ऐकू?

मंद्रसप्तक

मॉली टटल. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा गिटारवादनाचा पुरस्कार मिळालेली पहिली स्त्री. तिचा ठेका आधी ऐक, सोलो नंतर. मग जुलियन लाज आणि क्रिस एल्ड्रिज यांचे जोडीचे अल्बम, 'अ‍ॅव्हलॉन' (२०१४) आणि 'माउंट रॉयल' (२०१७). लाज जॅझचा, एल्ड्रिज टोनी राइसकडे शिकलेला. दोन अकूस्टिक गिटारी, दुसरं काही नाही. कोण कुठल्या घराण्याचा हे पाच मिनिटांत विसरायला होतं, आणि दोघं एकमेकांना किती जागा देतात ते बघ.

जमलं तर कधी एप्रिलमध्ये इकडे ये. विल्क्सबरोला मर्लफेस्ट भरतं, डॉकच्या मुलाच्या स्मरणार्थ, १९८८ पासून. मंचापेक्षा तंबूंच्या मधल्या जागेतलं वादन ऐकण्यासारखं असतं.

वसुधा_क

गिटारचं नाही, पण विषयाला धरून: बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा बेस, उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला आणि राकेश चौरसियांची बासरी यांचा २०२३ चा 'अ‍ॅज वुई स्पीक' ऐकलात का? फ्लेक ब्लूग्रासमधून आलेला म्हणून शोधत गेले, तर त्याच्या १९८८ च्या 'ड्राइव्ह'मध्ये गिटारवर तुमचा टोनी राइसच निघाला.

सोमनाथ_डी२८

वसुधाताई, 'ड्राइव्ह' बँजोसाठी सगळे ऐकतात. एकदा बँजोकडे कान बंद करून फक्त टोनीचा ठेका ऐका. इथे बँजो आहे, तरी तो फ्लॅटच्या ठेक्यावर परत जात नाही: कॉर्डचे तुकडे, अर्ध्या मात्रेवरचे घाव, आणि मध्येच एखादी खर्जाची ओळ. बँजो असताना हे जमत नाही असं मी वर लिहिलं त्याला इतका सुंदर अपवाद दुसरा नाही. रोहन, तूही ऐक, आणि अनघाताईंनी सांगितलेला मोकळ्या तारेचा रियाज त्याच अल्बमच्या लयीवर करून बघ.